जित्या माणसाचं नाव

रोवीना कॉडिल माझी नणंद. हो, तीच. रेकॉर्डच्या पाकिटावर पांढरा चकचकीत झगा घालून, गिटार मांडीवर घेऊन बसलेली. तुमच्या घरी तिची एखादी तबकडी असेलच. असली तर मला दाखवू नका. लोक भेटले की डोळे मोठे करून विचारतात, "अगंबाई, खरंच तुमची नणंद? स्वभावाने कशी आहे हो?" मी सांगते, गोड आहे. ते काही खोटं नाही. गोडच आहे, मेली. तिच्यावर धड रागावतासुद्धा येत नाही, हेच माझं दुखणं.

आमचं टेट्स फोर्क म्हणजे केंटकीच्या डोंगरातली एक अरुंद घळ. तिच्यात कंपनीची घरं, कंपनीचं दुकान, कंपनीने बांधून दिलेलं चर्च, आणि वरच्या अंगाला कोळशाच्या खाणीचं तोंड. मी लग्न होऊन कॉडिलांच्या घरात आले तेव्हा रोवीना फ्रॉक घालून उंडारत होती. सासूबाई ताकात मक्याचा ब्रेड कुस्करून तिच्या हातात वाडगा द्यायच्या, आणि ही पायरीवर बसून घास तोंडात असतानाच गायला लागायची. माझा नवरा डेल्मर, तिचा थोरला भाऊ, खाणीतून काळाठिक्कर होऊन यायचा, आणि हात धुवायच्या आधी पालथ्या घमेल्यावर ठेका धरायचा. मी ओरडायची, "अहो, आधी अंघोळ करा, भिंती काळ्या होतायत!" ऐकतंय कोण! दोघं बहीणभाऊ आपल्याच तंद्रीत असायचे.

चर्चातून ती तालुक्याच्या रेडिओ स्टेशनावर गेली. तिथे टिडवेल नावाच्या माणसाने तिला ऐकलं आणि नॅशव्हिलला नेलं. पहिली दोनतीन प्रेमाबिमाची गाणी पडली. मग लाकडाच्या एका गिरणीत बॉयलर फुटून माणसं मेली, त्यावर तिने गाणं म्हटलं, आणि बाईसाहेब एका रात्रीत स्टार झाल्या. लांबलचक गाडी आली, झगे आले, केसांचा एवढा मोठा मनोरा आला.

आमच्याकडे ही रीतच आहे. कुठे आगगाडी घसरली, पूर आला, खून पडला, की आठवड्याच्या आत त्यावर गाणं होतं. त्यात मेलेल्यांची नावं एकामागून एक येतात, आणि शेवटच्या कडव्यात देवाचं बोलावणं कुणाला कधी येईल सांगता येत नाही, असा उपदेश असतो. आमच्या माणसांच्या थडग्यांवर लाकडी फळ्या. चार पावसाळ्यांत कुजून जातात. गाण्यातलं नाव मात्र राहतं. गिरणीतल्या एका विधवेने तर रोवीनाच्या दारात येऊन केक दिला होता, नवऱ्याचं नाव घातलंस म्हणून. आणि जित्या माणसाचं नाव असल्या गाण्यात कुणी म्हणजे कुणी घालत नाही. घालणं म्हणजे त्याला हाताला धरून खड्ड्यात नेणं.

शेजारची हॅसी नेपियर मोठी फटकळ. ती म्हणायची, "आपल्यातलं कुणी खोकलं तरी तुझी नणंद तिकडे पेन्सिलीला टोक करत असेल." आम्ही हसायचो. सासूबाईंना राग यायचा, पण त्याही गालात हसायच्या.

मग तो सोमवार आला. सकाळी मी बीन्स निवडत होते. फळीवरची भांडी धडाधड खाली पडली, आणि त्यानंतर डोंगराच्या पोटातून आवाज आला. टेट्स फोर्कमध्ये हा आवाज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अंगावरच्या कपड्यानिशी आम्ही सगळ्या वर धावलो.

अलीकडच्या बाजूला असलेल्यांची प्रेतं दुपारपर्यंत बाहेर आली. पार टोकाला कामाला लागलेले अकरा जण तेवढे आत राहिले, आणि त्यांच्या नि आमच्यामध्ये आग होती. त्या अकरांत माझा डेल्मर होता. हॅसीचा टोबी होता, मिसरूड फुटलेला.

मंगळवारी म्हाताऱ्या इशमने खाणीत जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाला कान लावला. इशमचा सगळा जन्म खाणीत गेलेला. कान लावून तो बराच वेळ तसाच राहिला, मग हळूच म्हणाला, "ठोकतायत." आम्हाला रडू की हसू कळेना. खाणवाल्या माणसाला एवढं माहीत असतं: आग लागली की मागे सरायचं, गोणपाटाचा जाड पडदा टांगून कडा चिखलाने लिंपायच्या, त्याच्यामागे बसून राहायचं आणि पाइप ठोकायचा. डेल्मर तेच करत होता. मला जराही शंका नव्हती.

बुधवारी खाणीचे मॅनेजर प्रॉक्टरसाहेब आले. हातात टोपी धरून म्हणाले, "बायांनो, मन घट्ट करा. आत आता कुणी जिवंत नाही. खाणीचं तोंड भिंत घालून बंद करावं लागेल. खाणीत हवा सोडणारा पंखा चालू आहे तोवर आगीला हवा मिळत राहणार."

मी म्हटलं, "आगीला मिळते तशी माझ्या नवऱ्यालाही मिळते, साहेब."

"बाई, आग सगळा डोंगर खाईल."

"खाऊ दे की. डोंगराशी नाही लागलं माझं लग्न."

बाईने खाणीत पाऊल टाकलं की खाण माणूस घेते, असं आमचे पुरुष मानतात. नवऱ्याचा डबा विसरला तरी आम्ही उंबऱ्याशी थांबून हाक मारायचो, रुळांना पाय लावायचा नाही. त्या दिवशी आम्ही नेमक्या तिथेच जाऊन बसलो, अगदी तोंडात, रुळांवर, ओळीने. भिंत घालायला आलेले गवंडी आमचेच दीर-भाऊ. एकाची छाती होईना पुढे यायची. हॅसीने रुळावर एप्रन पसरलं आणि बूड टेकून म्हणाली, "या साहेब, उचला मला. दोघींचं वजन आहे माझं एकटीचं, आणि अपशकुनी आहे ते वेगळंच." प्रॉक्टरसाहेब आल्या पावली परत गेले. सासूबाई मधोमध बसल्या होत्या, मांडीवर बायबल घेऊन. आम्ही रात्र तिथेच काढली. पंखा चालू होता, वारा आमच्या पाठीवरून आत जात होता, आणि मला वाटत होतं, जातोय तोवर डेल्मर आहे. आम्हाला फक्त हलायचं नव्हतं. डोंगर फोडून दुसऱ्या बाजूने वाट काढणारी यंत्रं शेजारच्या जिल्ह्यातून निघाली आहेत, असं कळलं होतं. ती येईपर्यंत बसून राहायचं, बास.

गुरुवारी सकाळी बचाववाल्यांच्या ट्रकमध्ये रेडिओ चालू होता. अचानक रोवीनाचा आवाज आला. सासूबाईंचा चेहरा असा फुलला! "माझी पोर! आवाज वाढवा रे जरा!" आणि ट्रकवाल्या मुलाने वाढवला.

फिडल रडवं वाजत होतं. पहिल्या कडव्यात टेट्स फोर्क. दुसऱ्यात सोमवारची सकाळ आणि डोंगराची गर्जना. आणि तिसऱ्यापासून नावं. एकेक नाव सावकाश, सुरेख, आमच्या चर्चात घेतात तसं. टोबी नेपियर, आईचा लाडका. एकेका नावासरशी एकेक बाई ताठ होत गेली. हॅसीने माझा दंड धरला होता, तिची नखं मला टोचली. आणि मग ते आलं, जे आता तुम्ही सगळे भांडी घासताना गुणगुणता:

डेल्मर कॉडिल, भाऊ माझा, निजला काळोखात,
उठवू नका गं कुणी त्याला, हात प्रभूच्या हातात.

गाणं संपलं. पिठाची जाहिरात लागली. मग सासूबाईंनी बायबल मिटलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

"बसा," मी म्हटलं. "आई, बसा खाली! तिला काय माहीत? ती नॅशव्हिलला आहे, तिथे बसून तिला काय कळणार?"

"तिला कुणीतरी सांगितलं असणार, ऑर्फा."

"कोण सांगणार? पाइप इथे आहे! इशमने ऐकलंय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने. "जित्या माणसाचं नाव घालील का गं ती? स्वतःच्या भावाचं?"

नसतंच घातलं. आमच्यातल्या कुणीच नसतं घातलं. प्रॉक्टरसाहेब हजारदा म्हणाला असता तरी बायका हलल्या नसत्या, कंपनीचा शब्द म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. पण हा रोवीनाचा शब्द होता, आणि वर गाणं. एकेक करून उठल्या. पेटीतले काळे कपडे बाहेर काढायला, अंत्यविधीसाठी केक भाजायला. मी त्यांचे झगे ओढले, शिव्या दिल्या, एकीला तर चापट मारली. सगळ्यात शेवटी हॅसी उठली. एप्रन झटकून तिने नीट चौकोनी घडी घातली. "माझ्या टोबीचं नाव किती छान घातलंय गं तिने," म्हणाली, आणि गेली.

मी एकटी उरले. गवंडी दुसऱ्या दिवशी आले नाहीत, कारण चर्चात अंत्यविधी ठेवला होता आणि तो उरकेपर्यंत काम करायला कुणाचं मन होईना. तेवढीच काय ती उसंत.

शुक्रवारी सकाळी रोवीनाची लांब गाडी खाणीच्या रस्त्याने वर आली. नखशिखांत काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले, हातात फुलं. मला बघून धावत आली आणि गळ्यात पडणार तोच मी तिला ढकललं.

"कुणी सांगितलं तुला तो मेला म्हणून?"

"वहिनी, कंपनीच्या ऑफिसात फोन केला होता मी. दोनदा केला. म्हणाले, सगळे गेले. नावं वाचून दाखवली."

"आणि तू लगेच गायलीस? इथे यायचं सुचलं नाही तुला?"

"टिडवेल म्हणाला, व्हर्जिनियातला कुणीतरी आधीच गाणं जुळवतोय. म्हणाला, उद्यापर्यंत रेडिओवर येईल. माझ्या दादाचं नाव परक्या माणसाने घ्यायचं? मला वाटलं, त्यापेक्षा मी..."

"त्यापेक्षा तू मारलंस. घरचंच माणूस बरं, नाही का?"

तिला रडू द्यायला मला वेळ नव्हता. मी तिचं मनगट धरून तिला पाइपापाशी नेलं आणि खाली बसवलं. रेशमी मोज्यांनी ती कोळशाच्या चुऱ्यात गुडघे टेकून बसली, केसांचा मनोरा बाजूला सारून कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग तिने डोळे मिटले, आणि मांडीवर तिची बोटं हलायला लागली. घमेल्यावर डेल्मर हात मारायचा तेव्हा हलायची तशीच.

"पाइपातलं पाणी असं थांबून दम खात नाही, वहिनी," ती म्हणाली. "हात आहे हा. दमलाय फार. पण ठेका सोडत नाहीये." आणि मग तिने जी किंकाळी फोडली ती तिच्या कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही.

आम्ही दोघी धावतच चर्चात गेलो. आत सगळे उभे होते. पाद्री एक ओळ म्हणत होते आणि सगळे ती लांबवून, रडत, मागून म्हणत होते. मागच्या टेबलावर केक मांडून ठेवले होते. रोवीना मधल्या वाटेने पळत गेली आणि ओरडली, "थांबवा! ते जिवंत आहेत! मी चुकीचं गायले! चला सगळ्या, वर चला!"

गाणं थांबलं. सासूबाई पुढे आल्या आणि दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला. "सोन्या, भाऊ गेलाय. होतं असं. ये, माझ्यापाशी बस."

"आई, मी या कानांनी ऐकलं!"

"मीही कानांनीच ऐकलं. तुझ्या तोंडून."

रोवीना हॅसीकडे वळली. "हॅसीमावशी, टोबी आत आहे. पाइप ठोकतायत. तू ये, तू आलीस की बाकीच्या येतील."

हॅसी फटकळपणा करायच्यासुद्धा पलीकडे गेली होती. "काल मेला म्हणालीस, आज जिवंत म्हणतेस," ती हळूच म्हणाली. "एकाच पोराला मी किती वेळा रडू गं?"

कुणी आलं नाही. पाद्रींनी पुढची ओळ सुरू केली.

मग आम्ही तिच्या गाडीतून तालुक्याच्या रेडिओ स्टेशनावर गेलो. तिथला माणूस तिला बघून हरखून गेला, खुर्ची काय पुसतोय, पाणी काय आणतोय. त्याने तिला लगेच माइकसमोर बसवलं. तिने सांगितलं: मी रोवीना कॉडिल, मी गायलेलं गाणं खोटं आहे, टेट्स फोर्कची माणसं जिवंत आहेत, कंपनी त्यांच्यावर भिंत घालणार आहे, ज्याला ज्याला ऐकू येतंय त्याने खाणीवर यावं. चांगलं सांगितलं. मधेच रडली, पण सांगितलं. बोलणं संपायच्या आत फोन खणखणायला लागले. माझ्या जिवात जीव आला. स्टेशनवाला फोनवर ऐकत होता, मान हलवत होता.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"बिचारीचं डोकं फिरलंय दुःखाने, असं म्हणतायत," तो म्हणाला. "आणि गाणं लावा म्हणतायत."

त्याने लावलं. टिडवेलने रातोरात तबकड्या काढून स्टेशनांना वाटल्या होत्या. रोवीनाने झडप घालून तबकडी काढली आणि गुडघ्यावर आपटून तिचे तुकडे केले. तो तिच्यावर रागावला नाही, एवढी मोठी स्टार, रागावणार कसा! मुकाट्याने कपाटातून दुसरी काढली.

शनिवारी उजाडल्या उजाडल्या गवंडी आले. तोंडात आम्ही दोघीच बसलो होतो, एकमेकींच्या हातात हात अडकवून. यंत्रं अजून वाटेतच होती. गवंड्यांत इशम होता, हातात थापी घेऊन.

"इशमआजोबा," मी म्हटलं, "तुम्हीच ऐकलंत ना? तुम्हीच सांगितलंत ना आम्हाला, ठोकतायत म्हणून?"

तो खाली बघत म्हणाला, "पाणी असेल, पोरी."

"तेव्हा ठोकतायत म्हणालात!"

"तेव्हा गाणं आलं नव्हतं."

रोवीना उठली. तिने एक दगड उचलला आणि पाइपावर ठेका धरला, घमेल्यावरचा, त्यांचा लहानपणचा. "ऐका! कान लावा आजोबा, देवाची शपथ आहे तुम्हाला!" आणि इशमने कान लावला. उत्तर आलं. आलंच! मी त्याचा चेहरा बघत होते, तो राखेसारखा झाला. त्याने तोंड उघडलं आणि प्रॉक्टरसाहेबाकडे पाहिलं. प्रॉक्टरसाहेबाने पंपाचं इंजिन चालू करायला सांगितलं. मग त्या धडधडीत कुणालाच काही ऐकू येईना. इशमने तोंड मिटलं. त्याच्या डोक्यावर कंपनीचंच छप्पर होतं, आमच्या सगळ्यांच्याच होतं.

आम्हाला उचललं. माझ्या धाकट्या दिरानेच मला उचललं, आणि तो रडत होता. मी त्याच्या हाताला रक्त येईपर्यंत चावले. रोवीनाला तिघांनी धरलं होतं, तिचा एक बूट रुळात अडकून राहिला. विटा चढत गेल्या. मग त्यांनी पंखा बंद केला. इतके दिवस तो आवाज कानात होता हे तेव्हा कळलं.

वसंतात आग विझल्यावर भिंत फोडली. आमच्या माणसांना झाकून बाहेर काढलं, आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही. पण इशम आत गेलेल्यांत होता. आठवडाभराने तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. म्हणाला, गोणपाटाचा पडदा नीट लिंपलेला होता. डबे चाटूनपुसून स्वच्छ होते. आणि डेल्मर पाइपापाशी होता, पाना हातातच. एवढं सांगून तो उठून गेला, आणि त्यानंतर त्याने मला रस्त्यात कधी ओळख दिली नाही.

कंपनीने सांगितलं, सगळे सोमवारीच, स्फोटाबरोबर गेले. चौकशी झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं. चौकशीचे साहेब सभ्य होते. मला पाणी दिलं. म्हणाले, "पण बाई, त्याच्या सख्ख्या बहिणीने गुरुवारीच गायलंय ना?" माझ्या बाजूने रोवीनाही बोलली. तिला म्हणाले, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो.

तोवर ते गाणं देशभर गेलं होतं. ती ते गाणार नाही म्हणाली तर लोक हलेनात, बाकं वाजवायचे. गायला लागली की डेल्मरच्या नावापाशी तिचा गळा बंद व्हायचा. खरोखरच व्हायचा, तिच्या तोंडून ते नाव निघेचना. मग पुढच्या बाकांवरचे लोक तिच्यासाठी ती ओळ म्हणू लागले. मग सगळं सभागृह म्हणू लागलं. ती त्या ओळीला गप्प होते हे लोकांना इतकं आवडलं की त्याच्यासाठीच तिकिटं काढून यायला लागले. टिडवेलला याहून काय हवं होतं?

पानगळीच्या दिवसांत ती माझ्या दारात उभी राहिली, डोक्याला साधा रुमाल, वाळून काटकी झालेली. आत आली नाही. "वहिनी, शनिवारी नॅशव्हिलला चल माझ्याबरोबर. कार्यक्रम थेट रेडिओवर असतो, सगळ्या देशात ऐकतात. कुणाला मधे तोडता येणार नाही. त्या ओळीला मी थांबेन आणि सांगेन. ते जिवंत होते, त्यांना आत बंद केलं, सगळं सांगेन. तू समोर बस. तू दिसलीस तर माझ्याच्याने होईल."

"त्याने तो परत येणार आहे का?" मी म्हटलं.

"नाही. पण तो झोपला नव्हता, एवढं तरी लोकांना कळेल."

मी गेले. का खोटं बोलू, मलाही तेच हवं होतं. सोमवारी एका क्षणात गेला म्हणे! पाच दिवस हातात पाना धरून माझा माणूस आम्हाला हाका मारत होता, आणि एवढी एक गोष्ट मला कुणाच्या तरी तोंडून मोठ्याने ऐकायची होती.

सभागृह खच्चून भरलं होतं. लाकडी बाकं, पुठ्ठ्याचे पंखे हलतायत, पोरं बापाच्या खांद्यावर. ती आली तेव्हा छप्पर उडतं की काय असा आवाज झाला. तिने मला शोधलं आणि मान हलवली. फिडल सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं, टोबीचं नाव. मग ती थांबली, माइकला तोंड लावलं आणि म्हणाली, "माझा भाऊ..."

एवढंच ऐकू आलं. तिला नेहमीसारखं भरून आलं असं समजून हजारो माणसांनी तिच्यासाठी ती ओळ उचलली. डेल्मर कॉडिल, भाऊ माझा. तिने दोन्ही हात वर केले, थांबा, थांबा. लोकांना वाटलं, आणखी मोठ्याने म्हणा म्हणतेय. उभे राहिले, आणखी मोठ्याने म्हणाले. मागे तिची वादक मंडळी मान खाली घालून वाजवतच होती. रोवीनाचं तोंड हलत होतं. ती बोलत होती, सगळं सांगत होती, मला तिच्या ओठांवरून कळत होतं: पाइप, भिंत, पाना. तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पण आवाज मात्र त्या गाणाऱ्या माणसांचाच येत होता.

माझ्या शेजारी अलाबामाहून आलेली एक बाई होती, गोरीगोमटी, मायाळू चेहऱ्याची. गालांवरून पाणी वाहत होतं तिच्या. मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुम्ही का हो गात नाही?"

मी म्हटलं, "डेल्मर माझा नवरा."

तिने तोंडावर हात नेला. मला वाटलं, चला, एकीला तरी सांगता येईल. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून म्हणाले, "तो तेव्हा जिवंत होता! ही गात होती तेव्हा जिवंत होता तो!"

तिने मला छातीशी घट्ट धरलं. "हो गं माझ्या बाई, हो," माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "आपली माणसं आपल्यासाठी कधी मरतच नाहीत." आणि मला तसंच धरून, रडत रडत, ती सगळ्यांबरोबर पुढची ओळ गायला लागली.